तिनं बसवलेली तार

मित्रांनो, मी जुनी सायकल आहे, हे माझ्याकडे एक नजर टाकली तरी कळतं. निळा रंग आता दांडीच्या खालच्या अंगालाच काय तो शिल्लक आहे. पुढच्या चाकातले सहा आरे बाकीच्यांपेक्षा चकचकीत दिसतात, कारण ते नंतर बसवलेत. ते का बदलावे लागले, तेच मला सांगायचंय. सांगताना आजही माझा सांगाडा थरथरतो. सायकलीला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. जरूर म्हणा. पण त्या उतारावर तुम्ही नव्हता, मी होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी तिथं पोलादी सायकली बनत. काळा चष्मा लावलेल्या एका बाईनं माझ्या नळ्या जोडल्या. प्रत्येक जोडावरून ती अंगठा फिरवायची आणि जो जोड अंगठ्याला खटकेल तो पुन्हा तापवायची. मी तिला दोनदा खटकले. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे, मी माणसांचे चेहरे बघत नाही, हात बघते.

दुकानात तीन महिने छताला टांगून घेतल्यावर मला भिंगरी भेटली. खरं नाव वेगळं होतं, पण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून मामानं ठेवलेलं हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. ती सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. तिची बोटं कायम पाण्यानं सुरकुतलेली असत. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हँडलवर ओला टॉवेल फेकला, आणि मी मनात म्हटलं, झालं, आपलं काही खरं नाही.

खरंच होतं ते. तिनं मला जिन्यावर आपटलं, चिखलात घातलं, दोनशे दोनशे किलोमीटर दामटवलं. पण सुट्टीच्या दिवशी ती मला जिन्याच्या मोकळ्या जागेत उलटी ठेवायची आणि नखशिखांत खोलायची. शेजारी ग्रीसच्या डागांवरून कुरकुर करायचे. ती माझं मागचं चाक फिरवून कान लावायची आणि आईला म्हणायची, "आज आवाज करत नाहीये. नक्की काहीतरी लपवतेय." मी काही लपवत नव्हते, पण ती खोलायचीच.

अशाच एका सुट्टीला तिनं माझ्या मागच्या ब्रेकची तार बदलली. जास्तीचं टोक कापलं, त्यावर टोपी दाबली, दोनदा ब्रेक आवळून बघितला. त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या पायांवर कुठेही न आपटता काळेनिळे डाग उठले. रक्ताचा आजार निघाला. उपचार करणारं रुग्णालय दुसऱ्या शहरात होतं, सातशे किलोमीटरवर. बाबा, आई आणि ती मामाच्या व्हॅनमधून गेले. ती सव्वीस वर्षांची होती. मी खोलीत खिडकीपाशी उभी राहून तिची वाट बघत होते, आणि सात महिन्यांनी दार उघडलं तेव्हा आई आणि बाबा दोघंच आत आले.

 मी दाराकडे बघत राहिले. त्यांच्यामागून कुणी येणार नाही, हे समजायला मला कितीतरी दिवस लागले. अजूनही कधीकधी समजत नाही.

आता बाबांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं. बाबा लिफ्टचे तपासनीस. उंच इमारतींच्या लिफ्टचे दोर आणि ब्रेक तपासायचे, आणि पसंत नसेल तर लाल पाटी लावून लिफ्ट बंद करायची, हे त्यांचं काम. ते पोलादी दोरावरून कापसाचा बोळा फिरवत. आतली एखादी तार तुटली असेल तर कापूस तिथं अडकतो. कापूस अडकला की मग मालक हातापाया पडो, नाहीतर वरिष्ठांचा फोन येवो, लाल पाटी हलायची नाही. आठव्या मजल्यावरची माणसं त्यांच्या नावानं बोटं मोडत जिने चढायची. एकतीस वर्षांत त्यांच्या हद्दीत एकही लिफ्ट पडली नव्हती.

असा माणूस मला मात्र तळहातावरच्या फोडासारखं जपू लागला. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं ते मला पुसत. खोलत नसत, तेल देत नसत, हलवत नसत. हँडलच्या मुठीवर तिच्या घामाचा डाग होता, तो सोडून बाकीचं पुसत. माझ्या टायरमधली हवा हळूहळू उतरत चालली. आई एकदा पंप घेऊन आली, तर त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे. त्यात तिनं भरलेली हवा आहे."

 आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करते, तिचे अंगठे दोरा ओढून जाड झालेत. ती ते अंगठे एकमेकांवर घासत उभी राहिली आणि निघून गेली.

मलाही ते बरं वाटायचं, हे कबूल करते. इतकी माया कुणाला नको असते. पण आत काय चाललं होतं ते मला कळत होतं. ब्रेकचे रबर सुकून दगडासारखे झाले होते. आणि जिथं मागच्या ब्रेकची तार ब्रेकच्या मुठीच्या आत वळते, जिथं फडकं पोचत नाही आणि नजरही पोचत नाही, तिथं ती गंजत होती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

दोन वर्षांनी रुग्णालयाकडून पत्र आलं. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खोल्या बांधायला जागा मिळाली होती, मदत गोळा करायची होती. पत्र वाचून बाबांचा चहा तसाच राहिला. ते आणि आई सात महिने त्याच रुग्णालयाच्या आवारात, मामाच्या व्हॅनच्या मागच्या सीटवर झोपले होते. पहाटे कारंज्याच्या नळावर तोंड धुऊन, हसरा चेहरा करून वर तिच्याकडे जायचे.

"मी सायकलनं जाणार तिथवर," बाबा म्हणाले. "तिच्या सायकलनं. वाटेत लोकांना सांगत जाईन, खोल्यांसाठी मदत करा म्हणून."

"तुम्ही? या वयात?" आई म्हणाली.

"मग काय. पाय आहेत की."

मामानं व्हॅन घेऊन मागून यायचं ठरलं. मामा आईचा धाकटा भाऊ, बोलायला लागला की थांबत नाही. निघायच्या आदल्या दिवशी बाबा मला कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. तो भिंगरीला चांगला ओळखायचा.

"चेनला तेल द्या. बाकी कशाला हात लावू नका," बाबा म्हणाले.

त्यानं माझा ब्रेक आवळला आणि त्याचा हात तिथंच थांबला. "रबर पार कडक झालेत. तारपण काढून बघायला पाहिजे."

"तार नवी आहे. तिनं बसवलीय."

"तिनंच बसवलीय हो, पण कधी बसवलीय?"

बाबांनी माझं हँडल आपल्याकडे ओढलं.

"साहेब, तुम्ही लिफ्टवाले. तुम्हाला मी काय शिकवणार?"

"मग शिकवू नका," बाबा म्हणाले, आणि मला घेऊन चालू लागले. टायरमध्ये त्यांनी वरून हवा भरली, पण आधीची सोडू दिली नाही. सीटही खाली घेतली नाही. भिंगरी त्यांच्याहून उंच होती, त्यामुळे ते सातशे किलोमीटर पायांच्या बोटांनी पॅडल मारत निघाले. मामा म्हणाला, "भावोजी, सायकल चालवताय की फळीवरचा डबा काढताय?" आईसुद्धा हसली. कितीतरी दिवसांनी मी तिचं हसू ऐकलं.

पहिले काही दिवस फार चांगले गेले, हे खोटं सांगणार नाही. बाजारात, कारखान्यांच्या फाटकांवर, शाळांमध्ये बाबा मला धरून उभे राहायचे आणि आपल्या मुलीविषयी सांगायचे. लोक माझ्या दांडीवरून हात फिरवायचे. "हीच का तिची सायकल? किती जपलीय तुम्ही." कौतुकानं मी फुलून जायची. चौथ्या दिवशी एका प्रवासी निवासात बाबांनी लिफ्टचा नुसता आवाज ऐकला आणि व्यवस्थापकाला बोलावून ती बंद करायला लावली. सामान जिन्यानं वर चढवता चढवता मामाला धाप लागली. "भावोजी, सुट्टीवर आहात तुम्ही," तो म्हणाला. "माणसाच्या जिवाला सुट्टी नसते," बाबा म्हणाले.

त्याच दिवसापासून माझ्या ब्रेकच्या मुठीत बारीक टिक् असा आवाज येऊ लागला. तारेच्या आतला एकेक धागा तुटत होता. मागचा ब्रेक आवळला की मूठ पूर्वीपेक्षा जास्त आत येऊ लागली. बाबांच्या ते लक्षात आलं. त्यांच्यासारख्याच्या लक्षात न येऊन कसं चालेल? त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोन बोटांनी ब्रेकचा नट थोडा फिरवला आणि तार ताणून घेतली. कापसाचा बोळा त्यांच्या खिशात नेहमी असायचा. तो त्यांनी बाहेर काढला नाही.

नववा दिवस. डोंगर चढून आम्ही माथ्यावर आलो आणि उतार सुरू झाला. खाली एक गाव होतं. मामा उत्साहाच्या भरात व्हॅन घेऊन पुढे गेला होता आणि तिथल्या शाळेला सांगून मोकळा झाला होता की पाहुणे पोचतायत. शिक्षकांनी मुलांना रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं केलं. चार मुलं भर रस्त्यात, आडवा कापडी फलक धरून.

शेवटच्या वळणावर मागची तार तुटली.

फार मोठा आवाज झाला नाही. ब्रेकची मूठ एकदम सैल पडली आणि नुसतीच बाबांच्या हाताला लागली. त्यांनी पुढचा ब्रेक आवळला. दगड झालेले रबर माझ्या रिमवर किंचाळत घसरले, वेग काही कमी होईना. समोर मुलं. बाबा ओरडले, "बाजूला व्हा! बाजूला!"

आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पाहुणे आनंदानं ओरडतायत. फलक धरलेली मुलं हसत होती. मी वर्षानुवर्षं रस्ते बघितलेत, पण माझ्या अंगावर तसा काटा कधी आला नाही. ती हसत होती आणि मी त्यांच्यावर चालून जात होते.

डाव्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग पडला होता. बाबांनी मला तिकडे वळवलं. पण सगळ्या मुलांमध्ये एकच मुलगी अशी होती की जिनं त्यांचं म्हणणं ऐकलं. नेमक्या त्याच क्षणी ती फलक सोडून बाजूला पळाली. डाव्या बाजूला. खडीच्या ढिगाकडे.

माझ्या हँडलचं टोक तिला लागलं. मग खडी, मग आकाश, मग काहीच नाही.

माझं पुढचं चाक वाकून आठाच्या आकड्यासारखं झालं होतं. बाबांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, पण ते उठून त्या मुलीकडे गेले. ती नऊ वर्षांची असेल. हनुवटी फुटली होती, उजवा हात कोपराखाली विचित्र वाकला होता. ती रडत नव्हती, फक्त त्यांच्याकडे बघत होती. नुकत्याच टाळ्या वाजवणारी मुलं दगडासारखी उभी होती. एवढ्या माणसांत मला फक्त माझ्या मागच्या चाकाचा फिरण्याचा आवाज ऐकू येत होता. ते बराच वेळ थांबलं नाही.

मला उचलून दवाखान्याच्या व्हरांड्यात आणून टेकवलं, म्हणून पुढचं मी ऐकलं. मुलीची आई बसमध्ये कंडक्टर होती. अर्ध्या कामावरून ती गणवेशातच आली, तिकिटाचं यंत्र अजून गळ्यात होतं. डॉक्टर म्हणाले, हात जुळेल, हनुवटीला टाके घातलेत, डोक्याला मार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"ब्रेक तपासले होते ना?"

मला वाटलं, बाबा काहीतरी सांगतील. तार अचानक तुटली म्हणतील. कुणीही तसंच म्हणालं असतं.

"नाही," बाबा म्हणाले. "तपासले नव्हते. आणि माझं कामच ते आहे. मी लिफ्टचे दोर तपासतो."

ती बघतच राहिली. "मग?"

"ती तार माझ्या मुलीनं बसवली होती. ती गेली. म्हणून मी तिला हात लावला नाही."

 कंडक्टर बाई आतल्या खाटेकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ती माझी मुलगी आहे."

ती आत निघून गेली. बाबा बाकावर बसले. चेहरे मी बघत नाही, हे मी सांगितलंच आहे. पण त्यांचा चांगला हात मांडीवर उताणा पडला होता, आणि तो हात कुणा दुसऱ्याचाच असावा असे ते त्याच्याकडे बघत होते. आई शेजारी बसली. तिनं त्यांना धीर दिला नाही आणि दोषही दिला नाही. मामा पहिल्यांदाच गप्प होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दवाखान्यातून एक पुठ्ठा मागून घेतला, त्यावर डाव्या हातानं वाकड्यातिकड्या अक्षरांत "बंद" असं लिहिलं आणि आईला तो माझ्या दांडीला बांधायला सांगितला. मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, चला, अखेर कुणीतरी बघितलं.

मग आईनं पाना हातात घेतला. कुठला नट कसा फिरवायचा ते बाबा सांगत होते आणि आईचे जाड अंगठे तसं करत होते. तुटलेली तार बाहेर आली. बाबांनी तिच्यावरून कापूस फिरवला. तो इतका अडकला की सुटेना. ते धागे मोजू लागले. एकोणीसपैकी तेरा धाग्यांच्या टोकांवर गंज होता.

"म्हणजे तेरा आधीच तुटले होते," बाबा म्हणाले. "लिफ्टमध्ये दोन दिसले असते तरी मी..."

"ठेवायची का?" आईनं तार पुढे करत विचारलं.

"नको. टाक ती."

आईनं ती टाकली. मग तिनं न विचारताच चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढली, आतली सुई दाबली आणि सगळी हवा सोडली. तो आवाज संपेपर्यंत दोघंही हलले नाहीत. नंतर बाबा ढसाढसा रडले. ती गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा रडताना ऐकलं. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि दुसऱ्या हातानं माझे वाकडे आरे एकेक करून काढत राहिली.

मामानं तालुक्याच्या दुकानातून तारा, रबर, ट्यूब, आरे असं सगळं आणलं आणि माझी वाकलेली रिमही तिथंच सरळ करून घेतली. पाच दिवस गेले. बाबांना सायकल चालवणं शक्य नव्हतं. उरलेले दीडशे किलोमीटर मी जाते, असं आईनं जाहीर केलं. तरुणपणी ती कारखान्यात सायकलनंच जायची. तिनं सीट चांगली चार बोटं खाली घेतली आणि शाळेच्या मैदानावर दोन दिवस सराव केला. मुलं लांबूनच बघायची. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळी बाबा हात गळ्यात बांधून त्याच रस्त्यावर जाऊन उभे राहिले, जिथं मुलं उभी होती तिथंच, अगदी मधोमध.

"तू वरून ये," ते आईला म्हणाले. "वेगात ये. मी इथं उभा आहे."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"लिफ्ट दुरुस्त झाली की आधी तपासनीस आत शिरतो. मग लोक. हा नियम आहे."

आईनं खूप समजावलं. ते हटले नाहीत. कंडक्टर बाई कामावर निघाली होती, ती रस्त्याच्या कडेला थांबली. प्लॅस्टरमध्ये हात घातलेली मुलगी तिच्यामागे होती.

आई मला वळणापर्यंत वर घेऊन गेली. तिनं दोन्ही ब्रेक एकदा आवळून बघितले. मग तिनं पॅडल मारलं. मित्रांनो, माझे ब्रेक नवे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी माझा धीर सुटला होता. उतारानं मला ओढलं, वारा सुटला, समोर एक माणूस एक हात गळ्यात बांधून उभा. तो डोळे मिटत नव्हता. आईनं दोन्ही ब्रेक आवळले. रबरांनी रिम धरली, तार ताणली गेली आणि टिकली. मी थांबले तेव्हा माझ्या पुढच्या चाकात आणि बाबांच्या पायात हातभर अंतर होतं.

बाबा मागे वळून कंडक्टर बाईकडे बघू लागले.  तिनं मुलीचा चांगला हात धरला, तिला रस्ता ओलांडून पलीकडे नेलं आणि शाळेच्या फाटकात सोडून बस पकडायला गेली. तिनं माफ केलं की नाही, हे मला माहीत नाही. बाबांनीही ते कधी विचारलं नाही.

आम्ही रुग्णालयात पोचलो. पुढच्या वर्षी तिथं चौदा खोल्या उभ्या राहिल्या. मी आता आईबरोबर रोज कारखान्यात जाते, पावसात भिजते, खरचटते, आणि महिन्यातून एकदा बाबा मला पूर्ण खोलतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, कुणीतरी मागे ठेवलेली, म्हणून कुणी हात न लावलेली. ती तुमच्या वापरात असेल तर तिला हात लावा. उघडून बघा, खराब झालेलं काढा, नवं बसवा. गेलेलं माणूस त्यानं आणखी दूर जात नाही, माझ्यावर विश्वास ठेवा, मी त्या माणसाची सायकल आहे. आणि तरीही मन होत नसेल, तर एवढं लक्षात असू द्या की उताराच्या खाली कुणाचं तरी लेकरू उभं आहे, आणि ते तुम्हाला बघून टाळ्या वाजवतंय.